वंशावळीतलं पुसलेलं नाव

शॉमबर्ग या आमच्या अमेरिकन गावच्या लायब्ररीत मी जुने मृत्युलेख वाचत होते. या माळरानावर पहिल्यांदा राहायला आलेल्या एका बाईचं त्यात नावच नव्हतं, फक्त ‘हेन्रीची बायको’. मला आत्या आठवली.

मी बारा वर्षांची होते. भारतातून आलेले आजोबा सांगत होते आणि मी घराण्याची वंशावळ टाइप करत होते. कोथिंबीर निवडता निवडता आत्या म्हणाली, “माझंही नाव टाक गं.” मी टाकलं.

“लेकी वंशावळीत नसतात,” आजोबा म्हणाले.

“मग मी काय आभाळातून पडले, अण्णा?” ती हसली.

मी तिचं नाव पुसलं. माझंही पुसायला लागले, तर आजोबा म्हणाले, “तुझं राहू दे. तू टाइप करतेयस ना.” मी राहू दिलं.

आत्या गेली. आता तिची मुलगी ती वंशावळ मागतेय. आत्याचं नाव घालून पाठवता येईल, पण मग ते मी पुसलं होतं हे तिला कधीच कळणार नाही.