काचेची नालेली

सेआबाताची नजर खाणीतून परतल्यावर हळूहळू गेली, पण माणूस खचला तो घोडी चोरीला गेल्यावर. नालेली तिचं नाव, कपाळावरच्या पांढऱ्या चांदणीवरून पडलेलं. चोरांनी तिला वरच्या माळावरून नेलं. त्या दिवसापासून तो घोंगडी पांघरून अंगणातल्या दगडावर, खिंडीकडे तोंड करून बसू लागला. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, थांब, टापा ऐकतोय.

त्याची बायको मापुलेंग. चर्चच्या बायकांची गुरुवारची प्रार्थना तिने कधी चुकवली नव्हती. देवाकडे तिने घोडी मागितली नाही. डोंगरापार गेलेलं जनावर परत येत नाही हे तिला ठाऊक होतं. ह्या माणसाचा हात एकदा घोडीच्या मानेवरून फिरू दे, एवढंच तिने मागितलं. आणि मागून झाल्यावर ती स्वतःच कामाला लागली.

भिंती सारवून त्यात खडे बसवणं तिच्या हातातलंच होतं. दाराशेजारच्या भिंतीवर घोडी मात्र तिने काचेची करायची ठरवली, कारण उन्हाने काच तापते, अंगासारखी ऊबदार लागते. गुत्त्यामागून तपकिरी बाटल्यांच्या काचा आणल्या. दवाखान्याच्या नव्या न्हाणीघरातले फरशीचे पांढरे तुकडे चांदणीसाठी आणि निळे पुठ्ठ्यावरच्या मालकीच्या डागासाठी मागून घेतले. शेजारीण मामोसेली कुंपणावरून म्हणायची, "गावातल्या दारुड्यांसाठी देवाचे आभार मानणारी तूच एकटी, बाई."

पण तुकडे नुसते भिंतीत दाबले की कडा वर राहतात, आंधळ्याची बोटं कापतात. प्रार्थनेला येणाऱ्या शहरातल्या एका बाईने उपाय सांगितला. तुकडे कागदावर खळीने पालथे चिकटवायचे, कागद ओल्या सिमेंटवर थापायचा, वाळला की भिजवून सोलायचा. भिंत तळहातासारखी सपाट होते. दोन महिने मापुलेंग जमिनीवर ओणवी होती. कागद सोलला त्या दुपारी ऊन नेमकं भिंतीवर होतं. तिने त्याला हाताला धरून आणलं.

त्याला चांदणी सापडली आणि तो हसला. मानेवरून, पाठीवरून हात पुठ्ठ्यावर आला, डागावर थांबला. निळ्या फरशीचा तो डाग त्याने दोनदा चाचपला. मग परक्याच्या अंगणात उभं राहिल्यासारखं अदबीने विचारलं,

"छान घोडी आहे. कुणाची?"

त्यांच्या घराचा डाग डाव्या पुठ्ठ्यावर. उजव्यावर डाग देतात ती पलीकडच्या खोऱ्यातली माणसं. मापुलेंगने कागदावर नालेली बरोबर डावीकडून काढली होती. भिंतीवर उलटताना तिचं डावं उजवं झालं. जन्मभर भिंती सारवणाऱ्या बाईला एवढं सुचू नये? त्याने तिच्या श्वासावरून ओळखलं.

"रडू नकोस. तू तिच्यावर कधी चढलीस? चढणाऱ्यालाच डावी बाजू पाठ असते."

"मग तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी लावते."

दाराच्या दुसऱ्या अंगाला तिने नवी घोडी करायला घेतली. आता कागद नाही. एकेक काच नदीच्या दगडावर घासायची, त्याच्या गालाला लावून बघायची, टोचली तर पुन्हा घासायची. तो सांगत जाई: आयाळ डावीकडे पडते, खांद्यावर कुंपणाच्या तारेचा जुना व्रण आहे, इथे मांस भरलेलं हवं. कित्येक वर्षांत तो एवढं बोलला नव्हता. पण थंडी पडली तसा खोकला वाढला, आणि बसवलेला प्रत्येक तुकडा वाळायला दिवस घेऊ लागला. मान झाली, पाठ झाली. आता त्याला दोघांनी धरून भिंतीपाशी आणावं लागे.

"डाग कधी?" त्याने विचारलं.

"पुठ्ठा वाळला की."

"लवकर लाव. बिनडागाची घोडी कुणीही नेतं."

तो गेला शुक्रवारी. पुठ्ठा ओलाच होता.

घरच्यांनी तिच्या अंगावर सुतकाचं काळं कापड घातलं. ते उतरेपर्यंत सारवण नाही, मातीला हात नाही. मापुलेंगने थोरल्या दिरापुढे हात जोडले, भाऊजी, डागाचे सातच तुकडे उरलेत. भाऊजींचे डोळे भरून आले, पण रीत मोडायला ते धजले नाहीत. कापड उतरायला सहा महिने होते.

गुरुवारी ती प्रार्थनेला आली नाही तेव्हा बायका तिच्याकडे गेल्या. घोडीच्या डाव्या पुठ्ठ्याला पाठ लावून ती उन्हात बसली होती, पदरात निळे तुकडे. मामोसेलीने चल म्हटलं.

"मी उठले तर हिला कोण राखेल?" तिने विचारलं.

बायकांनी अंगणातच गुडघे टेकले.