तिथी न दिलेलं गणित

सातवीच्या फायनलला मी बाहेरून बसले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पाचवीनंतर शाळा सुटली होती आणि मधली वर्षं घरकामात गेली होती. घरात ठरलं होतं ते असं: पास झाले तर पलीकडच्या वाडीतल्या शाळेत मास्तरणीची जागा रिकामी होती, तिथे अर्ज करायचा. नापास झाले तर मुंबईला मामीच्या चौथ्या बाळंतपणाला जायचं. तिसऱ्या बाळंतपणाला गेलेली मावशी अजून परत आली नव्हती. तेव्हा मला पास होणं भाग होतं.

मी अभ्यासाची यादी करून कणगीवर चिकटवली. झालेल्या गोष्टीवर काट मारत गेले. शेवटी एकच ओळ उरली: होडी आणि प्रवाह. मला शिकवणारे मास्तर म्हणायचे, हे गणित बहुतेक दरवर्षी येतं. एक होडी प्रवाहाच्या दिशेने बारा मैल दोन तासांत जाते आणि तेवढंच अंतर प्रवाहाविरुद्ध तीन तासांत परत येते. तर होडीचा आणि प्रवाहाचा वेग काढा.

माझी चूक एवढीच, की मी ते खळ्यात बसून मोठ्याने वाचलं. आमचं घर मसुऱ्याकडच्या खाडीच्या काठावर. धाकटे आजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे भाऊ, उभा जन्म शिडाच्या मचव्यावर तांडेल होते. ते जाळं विणत बसले होते. त्यांनी हात थांबवला.

"तिथी खंयची?"

तिथी दिलेली नाही, म्हणून मी सांगितलं.

"मगे ह्या गणित चुकीचा आसा गो."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्याकडे तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ निघते. दशमी असेल तर दहाची पाऊणकी साडेसात. साडेसातला भरती पूर्ण, मग ओहोटी. तिथीच माहीत नसेल तर पाणी कुठल्या बाजूला चाललंय हे कळणार कसं? शिवाय अष्टमीला पाण्याला ओढ नसते आणि पुनवेला आवरत नाही. एकच वेग कुणी ठरवला? एवढ्यात खाडीवर उतारू नेणारा तारी तंबाखू मागायला आला. त्याला वेगळीच शंका आली. ओहोटीत वर वल्हवत येणारा हा माणूस कोण, आणि त्याच्या घरी कोणी मेलंबिलं आहे का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. "मगे तो खुळो आसा," तारी म्हणाला आणि तंबाखू घेऊन बसलाच.

मी वहीत नवी यादी केली: गणितात न दिलेल्या गोष्टी. तिथी, वारा, होडीत माणसं किती, परत येण्याची घाई कशासाठी. रात्रीच्या जेवणापर्यंत ती अकरा कलमांवर गेली. मूळ गणित मात्र होतं तिथेच राहिलं. शेवटी वडील म्हणाले, करून बघूया.

येत्या दशमीला सकाळी साडेसातला, भरती पूर्ण झाल्यावर, आम्ही सहाजण तारीच्या होडीत बसलो. वेळ मोजायला भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ घोंगडीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं होतं. होडी हलली तसा लंबक आपटला आणि घड्याळ बंद पडलं. त्यानंतर वेळ बहुमताने ठरत गेली. खाडीच्या तोंडापर्यंत सहा मैल, लागला दीड तास. तिथे पोचल्यावर मी म्हटलं, आता लगेच उलटं फिरा. तारीने माझ्याकडे पाहिलं, नांगर टाकला आणि चूल मांडायला तीन दगड शोधू लागला. बांगड्याचं तिकलं झालं, भात झाला, धाकटे आजोबा सुरूच्या झाडाखाली झोपले. अडीचच्या सुमाराला भरती चांगली लागली आणि होडी दीड तासात घरी आली. म्हणजे जाताना प्रवाह बरोबर आणि येतानाही बरोबरच. फरक पडला तो जेवणाचा.

तरी मी प्रामाणिकपणे जायचे दीड तास आणि यायचे सात तास धरून आकडेमोड केली. प्रवाहाचा वेग निघाला ताशी एक पूर्णांक चार सप्तमांश मैल. तारीला हा आकडा फार आवडला. उतारू होडीत चढताना तो त्यांना पाण्याचा वेग सांगू लागला.

मास्तरांनी माझी वही वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली. म्हणाले, "बाई, परीक्षेत होडीला भूक लागत नाही."

मग त्यांनी रीत घोकून घेतली. जाताना सहा, येताना चार. बेरजेचं निम्मं पाच ती होडी, वजाबाकीचं निम्मं एक तो प्रवाह. मी मान डोलवायचे आणि घरी येऊन आडवी पडले की डोळ्यांसमोर नांगर टाकलेली होडी दिसायची. यादीतल्या त्या ओळीवर काट काही मारता आली नाही. आईने माझ्या दोन साड्या मुंबईसाठी धुऊन वेगळ्या ठेवल्या.

परीक्षा मालवणला होती. गणिताचा पेपर हातात आला तसं मी आधी होडी शोधली. होडी नव्हती. त्या जागी एक हौद होता. एक नळ तो चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळात भरेल?

आमच्या गावात नळ नव्हता. त्यामुळे नळाबद्दल घरात कुणाला काही मत नव्हतं. तासाला एक चतुर्थांश, तासाला एक षष्ठांश, मिळून पाच बारांश. दोन तास चोवीस मिनिटं. पाच ओळींत गणित संपलं. हौदाला भोक आहे का, पाणी कोण भरतंय, कशासाठी भरतंय, यातलं काहीही माझ्या मनात आलं नाही. एवढं निर्वेध गणित मी आधी कधी केलं नव्हतं.

गणितात काठावर पास झाले, बाकी विषयांत बरी. जागा मिळाली. मामीकडे आई गेली. तिला बोटीवर बसवायला मी गेले तेव्हा तिच्या परतीची तारीख कळवणारं पत्र आधीच मामांना टाकून आले होते.