कुळाला न चालणारा भोपळा

भाजीवालीसमोर आज माझ्या सासूबाई ताठ उभ्या होत्या. "लाल भोपळ्याची फोड द्या. लहान नको, चांगली मोठी द्या," असं त्यांनी म्हटलं आणि मी पिशवी पुढे करायचीच विसरले.

चौऱ्याहत्तर वर्षांत या बाईंनी कालपर्यंत लाल भोपळा चाखला नव्हता. माहेरी तो कुणाला आवडत नव्हता, सासरी तो कुळाला चालत नव्हता. का चालत नाही, हे त्यांच्या सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. मीही लग्न झाल्यापासून तो निमूटपणे घराबाहेरच ठेवला.

काल शेजारच्या काकूंनी चहाबरोबर घारगे दिले. आईंनी दोन खाल्ले, तिसरा हातात घेतला, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "भोपळा या वेळी छान गोड निघाला हो!" आई थांबल्या. हातातल्या घारग्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि शांतपणे तो संपवला.

मला माझं कारलं आठवलं. लहानपणी बाबा कारल्याची वाटी बाजूला सारायचे, म्हणून मीही सारली. ती नावड त्यांच्या जिभेची होती, माझ्या जिभेला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. किती चवी आपण अशा दुसऱ्याच्या तोंडाने नाकारतो आणि वर म्हणतो, मला नाही आवडत!

पाव किलो कारली तोलायला सांगून मी हळूच विचारलं, "पण आई, कुळाचं काय?"

फोड पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "कुळात आता सगळ्यात मोठी मीच आहे. आजपासून चालतो."