मधल्या खुर्चीवरचा नैवेद्य

दादा मंगळवारी गेला. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्याचा सिनेमा लागणार होता.

त्याचा म्हणजे त्याने काढलेला नव्हे. दादा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता, गाड्यांचे सुटे भाग तपासायचा. पण सुपरहिरोंचे सिनेमे तो घरच्या कार्यासारखे मानायचा. पहिल्या दिवशी, पहिला शो. आई, वहिनी, मी, सगळ्यांनी यायचंच. आणि पडद्यावरून शेवटचं नाव सरकेपर्यंत कुणी उठायचं नाही! (सगळं संपल्यावर एक छोटासा प्रसंग दाखवतात. त्याच्या आशेने आम्ही कुठल्या कुठल्या परदेशी सुतारांची आणि वायरमनची नावं भक्तिभावाने वाचलेली आहेत.)

मी कॉलेजात मराठी शिकवतो. मला हे सिनेमे पटत नसत. काळेवाडीला घरी परत येताना मी कुरकुरायचो, "अरे, बाप मेलाय त्याचा. आणि लगेच विनोद? दुःख जरा मुरू तरी द्यावं!"

दादा गाडी चालवता चालवता हसायचा. "मास्तर, आजोबा गेले तेव्हा आत्या आठवते का? हंबरडा फोडता फोडता मध्येच थांबली. 'च्यात साखर न्हाई का टाकली कुनी?' म्हणाली, आणि मग पुढचा हंबरडा. आपण सगळे तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. आत्याचं चालतं, माझ्या हिरोचं चालत नाही?"

"आत्या म्हणजे साहित्य नव्हे," मी म्हणायचो. (मी अशी वाक्यं खरोखरच बोलतो. माझं लग्न का जमलं नाही, याची चर्चा घरात निघाली की मी पेपर तपासायला घेतो.)

दादा गेला आणि आई रडली नाही. लोक यायचे, तिच्या गळ्यात पडून रडायचे, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. वहिनी रडत होती, मी न्हाणीघरात नळ सोडून रडत होतो, पण आईचे डोळे कोरडेच. "तिला रडवा रे," शेजारच्या बायका मला कानात सांगायच्या. जसं काही मला ते जमणार होतं! मी वर्गात करुणरस शिकवायला लागलो की मुलं जांभया देतात.

दहावा चऱ्होलीला, आत्याच्या गावी, इंद्रायणीच्या घाटावर केला. पिंड ठेवले. कावळा आला, समोरच्या तारेवर बसला आणि आमच्याकडे बघत राहिला.

"बोला काहीतरी," गुरुजी म्हणाले. "इच्छा राहिली असेल."

वहिनी हात जोडून म्हणाली, "घराची काळजी करू नका हो." कावळा हलला नाही. कंपनीतले मित्र म्हणाले, "विजूभाऊ, वहिनींना आम्ही काही कमी पडू देणार नाही." कावळ्याने चोच घासली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ करून म्हणालो, "दादा, आपल्या पश्चात कुटुंबाचे उत्तरदायित्व मी निष्ठेने पार पाडेन."

कावळा उडून गेला.

"आरं, त्याच्याशी बोलायचं व्हतं, भाशन न्हाई द्यायचं!" आत्या कडाडली.

ऊन चढलं तरी कावळा परतला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात तशी सोय आहे. आत्याला ती मान्य नव्हती. "गवताच्या कावळ्यावर माजा इस्वास न्हाई. पोराचं कायतरी राह्यलंय," हे ती काळेवाडीपर्यंत बडबडत होती, आणि तिथेच, रिक्षातून उतरता उतरता, आई त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलली.

"त्याचा सिनेमा उद्या आहे."

मी म्हणालो, "आई, तेरावा व्हायचाय. लोक काय म्हणतील?" मला वाटलं, आत्या माझ्या बाजूने उभी राहील. घरातलं सोवळंओवळं, विटाळ, पाळणूक, सगळं तिच्या ताब्यात.

"लोकांचं पोरगं अडकलंय का आपलं?" आत्या म्हणाली. "तिकटं काढ."

मी मोबाइलवर तिकिटं काढली. आई, आत्या, वहिनी, मी. बोटाने सवयीने दादालाही धरून पाच खुर्च्या निवडल्या. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

सकाळी निघालो. माझं डोकं भादरलेलं, दोन म्हाताऱ्या पांढऱ्या लुगड्यांत, वहिनीचं कपाळ मोकळं. जिन्यात खालच्या मजल्यावरचे जोशीकाका भेटले. "कुठे निघालात?"

"एक विधी राहिलाय," आत्या म्हणाली. काकांनी हात जोडले आणि वाट दिली. विधी कुठल्या मॉलमध्ये, हे त्यांनी विचारलं नाही!

थिएटरच्या दारात सिक्युरिटीच्या मुलीने आत्याची पिशवी उघडली. आत डबा. डब्यात दहीभात.

"बाहेरचं खायचं आत अलाउड नाही, मावशी."

"खायाचं न्हाई गं बाई. ठेवायचं हाय."

"ठेवायचं पण अलाउड नाही."

"अगं, मेलेल्या मानसाचं हाय!"

ती मुलगी दोन पावलं मागे सरली. तिने सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझरने डबा उघडला, हुंगला, माझ्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं आणि अत्यंत आदराने डबा ठेवून घेतला.

मग नैवेद्य आला कुठून? पॉपकॉर्नच्या काउंटरवरून. तिथे नवीन पेच! आत्या म्हणाली, "खारं घे. आजून तेरावा न्हाई झाला, गोड चालायचं न्हाई." आणि दहा दिवस मान खाली घालून वावरलेली वहिनी एकदम म्हणाली, "त्यांना कॅरमलच आवडायचं."

"वैशे, रीत असती काई."

"त्यांना कॅरमलच आवडायचं, आत्या."

मागे रांग वाढली. काउंटरवरचा मुलगा वैतागून म्हणाला, "अर्धं अर्धं मिक्स करून देऊ का?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खारट-गोड एकत्र झालं.

आत जाऊन बसलो. मधली खुर्ची रिकामी ठेवली. आत्याने तिच्यावर पॉपकॉर्नचा डबा मांडला, त्याला थ्रीडी चष्मा टेकवून ठेवला आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून डब्याभोवती पाणी फिरवलं. पुढच्या रांगेतल्या जोडप्याने मागे वळून पाहिलं आणि लगेच परत पुढे पाहिलं.

सिनेमा सुरू झाला. आत्या चष्म्यावर चष्मा घालून पडद्यावरून येणारे दगड हाताने चुकवत होती. मी मात्र आईकडे बघत होतो. अर्ध्या तासाने बघतो तर काय, पडद्यावर हिरोचा थोरला भाऊ मरत होता. थोरला भाऊ! जगातल्या सगळ्या गोष्टींत सिनेमावाल्यांना नेमकी हीच मिळावी!

"आई, बाहेर जाऊ या का?"

"गप बस."

भाऊ मेला. हिरो त्याच्या थडग्याजवळ एकटा बसला. थिएटर चिडीचूप. मग त्याचा एक अवाढव्य मित्र सांत्वनाला आला. त्याने कमालीच्या गंभीर चेहऱ्याने हिरोच्या शेजारी बैठक मारली, आणि ढुंगणावर त्याची विजार टर्रकन फाटली. लोक हसले. हिरो रडता रडता हसला. मी सवयीने मनात म्हणालो, झालं, घातलं विरजण.

नेमका त्याच क्षणी एक उशिरा आलेला तरुण अंधारात चाचपडत आमच्या रांगेत शिरला. काळा टी-शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, नाइट शिफ्ट करून आलेला. तो मधल्या खुर्चीवर डबा उचलून बसला. (त्याची खुर्ची मागच्या रांगेत होती, हे नंतर कळलं.) डब्याचं काय करावं हे त्याला सुचेना. डोळे पडद्यावर होते, हात डब्यात गेला. एक घास. दुसरा घास. मग मूठभर.

आत्या आईचा खांदा हलवत ताडकन उभी राहिली.

"शिवला! शांते, शिवला गं!"

"ओ मावशी, खाली बसा की!" मागून ओरडा झाला.

तो तरुण भरल्या तोंडाने गोठला. "सॉरी, सॉरी. तुमचं आहे का हे?"

आत्या त्याला हात जोडून उभी. वहिनी पदरात तोंड खुपसून थरथरत होती, हसतेय की रडतेय कळत नव्हतं. आणि आई? आई हसली. आधी गालात, मग आवाज करून, मग पोट धरून. हसता हसता तिने त्या पोराच्या दंडाला हात लावला. "खा बाळा. सगळं खा," ती म्हणाली, आणि 'खा' म्हणता म्हणता तिचा आवाज फाटला. त्याचा दंड धरून ती रडायला लागली. पडद्यावर लढाई सुरू झाली होती, इमारती कोसळत होत्या, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही. आम्हाला गेलं.

त्याने माझ्याकडे वाकून विचारलं, "दादा, काय झालं?"

मला आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं. मी शेंडेफळ. "काही नाही," मी म्हणालो. "तू खा."

त्याने इमानदारीने तळ गाठला. मध्यंतरात तो मागच्या रांगेत गेला आणि पुन्हा आमच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

सिनेमा संपला. दिवे लागले, लोक उठले. आत्याही उठली. आईने तिचा पदर धरून खाली बसवलं.

"वन्सं, अजून आहे. शेवटचं नाव जाऊ द्या."

आम्ही सगळी नावं वाचली.

दादाशी तो वाद आता पुढे चालवता येत नाही, आणि चालवला तर मला हरावं लागेल. दुःख मुरू द्यावं म्हणणाऱ्या मी घाटावर कावळा उडवून लावला होता, आणि विनोदाने तो परत आणला.

तेव्हापासून दर सिनेमाला मीच तिकिटं काढतो. पाच. मधल्या खुर्चीवर खारट-गोड पॉपकॉर्न असतं, आणि मध्यंतरापर्यंत कुणी चुकून येतंय का, याची आई वाट बघते. आजवर दुसरं कुणी आलेलं नाही. मध्यंतरानंतर ते मी खातो.