लाल खटका

आमच्या सांगलीच्या घरी शॉवर बसवणाऱ्या प्लंबरचा मला आजही राग येतो. हात चांगला होता त्याचा, पण समोरच्याचं ऐकून घ्यायची सवयच नव्हती.

शॉवर माझ्या वडिलांसाठी, आबांसाठी होता. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली, म्हणून त्यांना मेढ्याहून इकडे आणलं. हळूहळू चालायला लागले आणि पहिली अट घातली, अंघोळ माझी मी करणार, आतून कडी लावून. लेकीच्या हातून अंघोळ घालून घेणं त्यांना मरणाहून वाईट. मलाही ते पटलं. पण आमच्या सोलरचं पाणी कातडी सोलून काढेल असं. त्यात स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला की गार पाण्याचा जोर कमी होतो आणि शॉवरमधून नुसतं कढत पाणी येतं. म्हणून मी पुण्याहून खास व्हॉल्व्ह मागवला. गार पाणी कमी झालं की तो गरमही आपोआप आवळतो. शिवाय मुठीवर लाल खटका, म्हणजे पाणी अडतीस अंश सेल्सिअसला पोचलं की मूठ पुढे फिरतच नाही.

"आवं ताई, एवढं कशाला? साधा मिक्सर लावू की. गरम सोडायचं, वरनं विसण घालायचं."

शॉवरमध्ये विसण कुठल्या तांब्याने घालणार, हे मी त्याला तीनदा विचारलं. शेवटी तोंड वाकडं करून त्याने व्हॉल्व्ह बसवला.

आठवड्याने आबांच्या डाव्या हातावर फोड दिसले, मनगटापासून पार कोपरापर्यंत. मी धावत जाऊन मूठ फिरवली, तर ती शेवटपर्यंत फिरली. खटका गायब. प्लंबरला बोलावून दारातच फैलावर घेतलं.

"मला का बोलताय? तुमी शाळेत शिकवायला गेल्यावर आबांनीच बोलावलं. पाणी गारढोण येतंय म्हणाले. म्हातारं माणूस, कडकडीत पाणी लागतंयच की. मान राखला त्यांचा, काढला खटका."

मान राखला म्हणे! खटका परत बसवून घेतला आणि त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मग आबांकडे वळले. "गार येतंय होय?"

त्यांनी तो भाजलेला हात पुढे केला. आबा डावखुरे. जन्मभर विसण त्याच हाताने पाहिलेलं.

"म्हटलं, अजून जरा गरम झालं तर ह्याला कळंल."

हाताला जाणीव आली, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, मलाही सांगितलं होतं. सगळं खोटं. मला संताप आला आणि फोडांवर मलम लावता लावताच मी त्यांना बजावलं.

"उजव्या हाताने बघायचं. नाहीतर कडी काढते आणि उद्यापासून अंघोळ मी घालते."

त्यानंतर महिनाभर आमचं बोलणं एवढंच. आतून ते ओरडायचे, "गार हाय!" बाहेरून मी ओरडायचे, "असू दे!"

एका सकाळी आतून ओरडाच आला नाही. मी दार बडवलं.

"काय बोंबलतीस? उजव्या हातानं बघितलं. बरं हाय पाणी."

मी तिथेच पायपुसण्यावर बसले आणि ढसाढसा रडले. आत शॉवर चालू होता, त्यामुळे त्यांना काही ऐकू गेलं नाही.