कोरडा कुलर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि जिला सांगायला हवं, तिला तर — नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलता येतंय. हाही भित्रेपणाच, मला कळतं.

आमच्या वर्ध्यात मे महिन्यात घरोघरी खिडकीबाहेर, लोखंडी स्टँडवर कुलर बसतो. सकाळी नळ आला की त्याची टाकी भरायची. दुपारपर्यंत पाणी उडून जातं, मग बाहेर उन्हात जाऊन पुन्हा बादल्या ओतायच्या. आमच्याकडे हे काम माझं. आईचे गुडघे गेलेले, बादली तिला उचलवत नसे.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. सुट्टीत वाचत पडणं, हाच माझा उन्हाळा. हे का सांगतोय? वाचणं काही गुन्हा नव्हे. वाचत होतो, एवढंच.

बायको माहेरी सिंदीला गेली होती. आई आदल्या दिवशीच माझ्या धाकट्या बहिणीकडून, नाचणगावहून परतली होती — भर दुपारच्या एसटीनं. थकली होती, पण जेवली, बोलली, रात्री नीट झोपली. हे ध्यानात ठेवा. मला विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिनं आतल्या खोलीतून हाक मारली.

"कुलरमधी पानी हाये का रे? वारा गरम येऊन राह्यला."

"आहे," मी म्हणालो. "बाहेरच तापलंय."

"पाह्य ना एक डाव. पुस्तकातून मुंडी काढ बापा, पानं काई पळून नाई जात!"

मी हसलो. उठलो नाही. तिच्या कुलरच्या टाकीत पाणी उरलं नसणार, हे मला ठाऊक होतं. माझ्या खोलीतला कुलर — तो मी जेवणाआधीच भरला होता.

कोरडा कुलर माणसाचं काय करतो, हे मी नंतर वाचलं. हो, तेही वाचलंच. भट्टीसमोर पंखा धरावा तसा तो वारा. घाम फुटतो न फुटतो तोच वाळतो, म्हाताऱ्या माणसाला तहान नीट कळत नाही, अंग आतून तापत जातं. घरात, खाटेवर पडल्यापडल्या उष्माघात होतो.

चहाला उठवायला गेलो तेव्हा तिचं अंग चटका बसावा असं तापलं होतं, आणि कोरडं. आयुष्यात कधी न घेतलेलं वडिलांचं नाव घेऊन ती मला हाका मारत होती. शेजाऱ्यांच्या मदतीनं ऑटोतून दवाखान्यात नेलं.

आणि आता ते, जे सांगायला बसलो. शेजारी तिच्यापाशी थांबले, मी तिचं आधार कार्ड घ्यायला घरी आलो. बहीण नाचणगावहून निघाली होती. मी आधी — आधी तिच्या कुलरची टाकी भरली. काठोकाठ. आई तेव्हा जिवंत होती. कुणाला वाचवत होतो मी?

दिवेलागणीला ती गेली.

सुनंदा, माझी बहीण, आईच्या खोलीत त्या गार वाऱ्यात उभी राहून रडली. "मीच दुपारच्या गाडीनं पाठवलं मायले. तिले ऊन लागलं. दादा, तुह्या घरी तर थंडगार होतं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तेव्हापासून उन्हाळ्यात ती कुणाला दुपारी घराबाहेर पडू देत नाही. पाहुण्यांच्या चपला लपवते. घरातले तिला हसतात — मीही हसतो त्यांच्यासोबत.

तिनं आईला मारलं नाही. त्या एसटीनंही नाही. पाणी मी भरलं नाही, आणि मग भरलं.

परवा नाचणगावला गेलो होतो. तिनं माझ्या चपला लपवल्या, समोर पन्हं ठेवलं. ऊन उतरेपर्यंत मी तिच्यासमोर बसून होतो. मग चपला मागून घेतल्या आणि निघालो.