दोन सरकारी शाळा आणि एक संडास

नातीला पहिलीत घालायचं होतं आणि आमच्या गावात सरकारी शाळा दोन. एक स्टँडाजवळची, रंगवलेली. दुसरी मळ्यातली, दोन खोल्यांची. सून म्हणाली, "स्टँडाजवळच्या शाळेत केवढा मोठा टीव्ही हाय." लेक फौजेत. तो फोनवर म्हणाला, "आये, तू बघून ठरीव." सुनेला ते लागलं. ती बी.ए. आणि शाळा ठरवणार चौथी झालेली सासू.

मला एकच गोष्ट बघायची होती. नात अंगणवाडीत लघवी दाबून बसायची, कारण तिथल्या संडासाला कायम कुलूप. दोनदा ताप आला. डॉक्टर आमच्यावरच ओरडले. मी स्वतः चौथीनंतर शाळा सोडली ती काही अभ्यासाला भिऊन नाही. पाचवीच्या शाळेत आडोसा नव्हता. लोकांना सांगताना मात्र घरात काम होतं म्हणून सांगायचे.

स्टँडाजवळच्या शाळेत गुरुजींनी खुर्ची दिली, चहा मागवला, टीव्ही दाखवला. टीव्हीवर चादर होती.

"संडास दाखवा," मी म्हणाले.

"तो पाहुणे आले की उघडतो, आजी."

"मग मी काय भंगार गोळा कराय आलीया व्हय?"

किल्ली सापडायला अर्धा तास गेला. आत मोडकी बाकं आणि रस्सीखेचीचा दोर.

"आवं, मग पोरी जात्यात कुठं?"

"मैदान मोठं आहे आपलं," गुरुजी म्हणाले. तेही अभिमानानं.

मळ्यातल्या शाळेत बाई एकट्याच. चहाचं कुणी विचारलं नाही. संडास मागच्या अंगाला, धुतलेला, बादली भरलेली. दाराला कडी तेवढी नव्हती. आतून एक पोरगा बोंबलत होता, "बारा सत्ते चौऱ्याऐंशी!"

"ह्याला काय झालं?"

"कडी तुटल्यापासून असंच आहे," बाई म्हणाल्या. "आत कुणी आहे हे कळायला पाढे म्हणायचे. आवाज थांबला की दुसऱ्यानं जायचं."

"आन् एखाद्याचं पोट साफ नसलं तर?"

"त्याचे एकोणीसपर्यंत पाठ झालेत."

मी तिथंच नाव घातलं. सुनेनं दोन दिवस तोंड फुगवलं.

पहिल्या दिवशी नात घरी आली ती न्हाणीकडे पळाली नाही. मी म्हटलं, जमलं. ती मात्र रागात. "आजे, मला नुसता बेचा येतोय. तो लगीच संपतोय आन् पोरं दार उघडत्यात! तिनाचा शिकीव."

त्या संध्याकाळी मी तिनाचा शिकवला. सून मोबाइलमध्ये बघून माझं काही चुकतंय का ते तपासत होती. चुकलं नाही.

तरी पोरीची जात म्हणून मी पलूसच्या बाजारातून कडी आणून बाईंना दिली. महिन्यानं बघायला गेले. कडी बसवली होती, पण माझ्या डोक्याच्याही वर.

"आवं बाई, पोरांचा हात पोचंल का हितं?"

"कसा पोचेल?" बाई शांतपणे म्हणाल्या. "पाढे बंद पडतील ना."

मी पदर खोचला. कडाडून भांडणारच होते, तेवढ्यात आतून नात ओरडली, "आजे, गप की! माजा पाचाचा चुकला!"